शेजारी खाणारं लागतं

आधी आप्पांचं सांगते. ज्याचे उपकार, त्याला पहिला हात जोडावा आणि मग काय घडलं ते सांगावं, अशी मला सवय आहे.

आप्पा म्हणजे आम्ही ज्या गोठ्यावर राहतो त्याच्या मालकांचे वडील. वय ऐंशीच्या पुढं, तोंडात दात नावापुरते दोन, आणि राग आला की आधी काठी बोलणार, मग ते. माझी लेक आज पालेभाजीचा घास दिसला की तोंड उघडते, ती या म्हाताऱ्यामुळं. औषध डॉक्टरीणबाईंनी दिलं, पाजलं मी, ते खरंच. पण तोंड उघडायला शिकवलं आप्पांनी. त्यापायी त्यांनी जे सोडलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

आणि हेही सुरुवातीलाच सांगते की मी माफी मागायला लिहीत नाही. पोरीला दूध पाजलं यात मला काही चुकल्यासारखं वाटत नाही. पुढं दूध तोडलं त्यातही नाही. दोन्ही वेळेला जे बोलायचे ते बोललेच.

आम्ही वाशीमकडचे. माझी शाळा नववीत सुटली. सुटली म्हणजे मी सोडली नाही, पण ते राहू दे. लग्नानंतर हे कामासाठी शिरूर तालुक्यात आले. न्हावऱ्याच्या अलीकडं, उसाच्या आणि कांद्याच्या रानात हा गोठा आहे. तीसेक जर्सी गाया, मशीननं धारा, सकाळ-संध्याकाळ डेअरीची गाडी. ह्यांना पगार, राहायला पत्र्याची खोली, आणि वरून रोजचं दूध. माझं माहेर-सासर इथून इतकं लांब की आजारी पडायचं तर विचार करून पडावं लागतं. पोर झाली तेव्हा मी गावी होते. ती बसायला लागली तशी घेऊन इकडं आले. तेव्हापासून मी, हे, पोर आणि गाया.

इकडं दुधाचा मान मोठा. माळवं, म्हणजे भाजीपाला काय, आज आहे उद्या नाही. बाजारात कोथिंबीर मातीमोल झाली की जनावरांपुढं टाकतात. पण दूध सांडलं तर माणसं पायातली चप्पल काढून बाजूला होतात. लहान पोराला काय देता, तर दूध. पोर रडलं, दूध. पोर जेवलं नाही, मग दूध तरी प्यायलं ना? झालं तर.

जर्सी गाया मशीनवर, पण आप्पांची स्वतःची एक गावरान गाय आहे. तिची धार तेच हातानं काढतात. माझी लेक चालायला लागली आणि तिचं पहिलं काम हेच, की संध्याकाळी स्टीलचं फुलपात्र घेऊन आप्पांच्या मांडीला जाऊन टेकायचं. आप्पा धार सरळ तिच्या फुलपात्रात सोडायचे. फेसासकट भरलं की म्हणायचे, "प्या पाटलीणबाई. हाडं लोखंडाची व्हतील." ती मिशा पांढऱ्या करून हसायची. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि मधल्या वेळात बाटली तर होतीच. वरण-भाकरी कुस्करून समोर धरली तर ओठ असे मिटायची, जसं काही मी कुलूपच लावलंय. मेथी, दोडका, तांदुळजा, काही चालायचं नाही. मला भीती वाटायची. मी मुळातच भित्री आहे, पोर झोपली तरी मी तिच्या नाकापुढं बोट धरून बघते. पण वहिनी, म्हणजे मालकांच्या बायको, म्हणायच्या, "आगं, दूध पिती ना? आमची पोरं दुधावरच वाढली. तू वऱ्हाडीण लई घाबरट हायेस बघ."

शिवाय पोर दिसायला गुटगुटीत. आणि इकडं येऊन ती उजळली होती. मी सावळी, हे माझ्याहून सावळे, आणि आमच्यात ही अशी गोरी. फोनवर सासूबाई तिचं तोंड बघून हरखायच्या. "कोनावर गेली वं ही? तिकडचं पानी लागलं पोट्टीले!" मी पण हरखायचे, खोटं कशाला बोलू. वहिनी तिला कडेवर घेऊन आल्या-गेल्याला दाखवायच्या, "बघा, गड्याची पोरगी, पण दिसती का?" या वाक्यात मला टोचायला काहीतरी होतं, पण मी त्या वेळी फक्त गोरेपण ऐकलं.

ती भिंत चाटायची. पत्र्याच्या खोलीची खालची, मातीची अर्धी भिंत, तिला जिभेनं ओली करून चाटायची. चार पावलं धावली की खाली बसायची आणि धापा टाकायची. मी म्हणायचे, दमते हो ही. सगळे म्हणायचे, वजनदार हाय, म्हणून दमती.

दिवाळीनंतर गावी जायचं ठरलं. गाडी दौंडहून. स्टेशनवर पोहोचलो तर पोरीचं अंग तापलेलं, मान खांद्यावर टाकलेली. ह्यांना म्हटलं, मी गाडीत बसणार नाही. हे म्हणाले, तिकीट काढलंय. मी म्हटलं, तिकीट तुम्ही खा. आणि पिशव्या उचलून बाहेर निघाले. रिक्षावाल्यानं लहान पोरांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं.

ताप साधाच निघाला. पण बाईंनी पोरीची खालची पापणी बोटानं ओढून बघितली, मग हाताचे तळवे बघितले, मग माझ्याकडं बघितलं.

"हिला खायला काय देता?"

"दूध."

"अजून?"

"दुसरं काही घेतच नाही तोंडात."

"दूध किती?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "मागंल तेवढं. आम्ही गोठ्यावर राहतो, मॅडम. दुधाला कमी नाही." हे सांगताना त्यांची मान ताठ होती. असणारच, दुसऱ्या कशाचीच सुबत्ता नव्हती आमच्याकडं.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पोट दुधानं भरलं तर जेवायची भूक कुठून लागणार? आणि दुधात बाकी पुष्कळ आहे, पण लोह नाही म्हटलं तरी चालेल. हिचं रक्त फार कमी झालंय. ही गोरी नाही, ताई. ही पांढरी पडलीय."

एवढ्या दिवसांचं कौतुक त्या खुर्चीत बसल्या जागी उतरलं.

रक्त तपासलं. लोहाचं औषध दिलं, ते दुधाबरोबर द्यायचं नाही. दूध दिवसाला दोन लहान कप, त्याहून जास्त नाही, आणि बाटली बंद. पालेभाजी, डाळ, अंडं, वर लिंबू पिळून, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं. महिन्यानं परत आणा म्हणाल्या. सुधारणा दिसली नाही तर पुण्याला मोठ्या दवाखान्यात दाखल करावं लागेल.

गावी गेलो नाही. गोठ्यावर परतलो तर धारेची वेळ झाली होती. पोर ताप उतरल्या अंगानं खाली उतरली, फुलपात्र शोधलं आणि निघाली आप्पांकडं. मी मागून गेले. आप्पांनी धार धरली, तशी मी फुलपात्र तिच्या हातातून काढलं आणि जमिनीवर पालथं घातलं.

धार मातीत गेली.

मालकाच्या वडलांच्या हाताखालचं दूध, आणि ते मी, गड्याच्या बायकोनं, मातीत जाऊ दिलं. खोली त्यांची, पगार त्यांचा. पोरीनं असा टाहो फोडला की जर्सी गाया वळून बघायला लागल्या.

"काय गं ए?" आप्पा बसल्या जागेवरून म्हणाले. "डोकं फिरलं का तुझं?"

मी डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं. घाईत, अडखळत.

"दुधानं रक्त कमी व्हतं? माझं वय बघ. सांजच्याला दूध-भाकर सोडून दुसरं खाल्लं न्हाई कवा. पाटसच्या कारखान्यावर उसाच्या गाड्या हाकल्या त्या काय शेपू खाऊन? माझ्या गोठ्यात मला शिकवती व्हय!"

मी गप्प बसायला हवं होतं. ह्यांनी तसे डोळेही केले. पण समोर दावणीला तीन आठवड्यांची कालवड बांधलेली होती आणि तिच्या तोंडासमोर सुतळीनं लसूणघासाच्या हिरव्या चाऱ्याची पेंडी लटकवलेली होती. ती आप्पांनीच लटकवली होती.

"आप्पा," मी म्हटलं, "कालवडीला आठ दिवसांत घास दाखवता. निस्त्या दुधावर ठेवलं तर पोट सुटतं, अंगी लागत नाही, हे तुम्हीच ह्यांना सांगता. मग माझ्या लेकराला काहून नाही? वासरापेक्षा कमी आहे का ती?"

काहून हा आमच्याकडचा शब्द. घाबरले की तोच येतो.

आप्पांनी काठी उचलली. टेकून उठले, धार अर्धी सोडून निघून गेले. रात्री हे म्हणाले, "कामाची जागा हाय आपली. तुले समजत नाही का?" मग फोन आला सासूबाईंचा. दूध तोडल्याचं ऐकून त्या रडायलाच लागल्या. "उपाशी मारतं काय वं लेकराले? आनून दे माह्याजवळ. मी सांभाळतो तिले." ह्यांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "हे पाय. महिनाभर कर तुह्या मनासारखं. नाही जमलं तर मी तिले गावाकडं नेऊन ठेवतो."

म्हणजे महिनाभर. एकतर पोरीच्या पापणीत लाली, नाहीतर पोर माझ्यापासून एक रात्र आणि अर्ध्या दिवसाच्या गाडीवर.

पहिले दिवस वाईट गेले. ती उपाशी राहायची पण भाजी घ्यायची नाही. चाकवत ताकात शिजवला, दाण्याचं कूट घातलं, तो तिनं माझ्या तोंडावर थुंकला. अंड्याचा पिवळा भाग भातात लपवला, तो शोधून काढून जमिनीवर ठेवला. औषधानं शी काळी झाली, ते बघून वहिनी म्हणाल्या, "आता आणि काय घालतीस पोरीच्या पोटात?" कांदा लावायला येणाऱ्या बायका बांधावरून विचारायच्या, "काय, आज तरी दिलं का दूध?" मी म्हणायचे, दिलं, दोन कप. "आँ? दोनच?" मी म्हणायचे, हो, दोनच. पदरानं डोळे पुसायचे ते खोलीत जाऊन, बांधावर नाही.

मग एका दुपारी आप्पा आले. त्या संध्याकाळनंतर ते माझ्याशी बोलले नव्हते. आमच्या उंबऱ्याशी त्यांनी काठी टेकवली आणि खाली बसले. पोर दारात होती. त्यांनी तिची हनुवटी धरली आणि खालची पापणी बोटानं ओढली, वासराची बघतात तशी. बराच वेळ बघत राहिले. मग दुसरी बघितली.

"गोचीड ताप आलेल्या वासराची असती अशी," ते म्हणाले. माझ्याकडं न बघता. "एवढे दिस मांडीवर घेतली. माझ्या ध्यानात आलं न्हाई."

मी चुलीवरचं भांडं खाली उतरवलं.

"तू घास दाखवतीस ते बरोबर हाय. पर तुझं चुकतंय."

"काय चुकतंय?"

"वासरू एकटं घास खात न्हाई. शेजारी खाणारं वासरू बांधावं लागतं. त्याचं बघून तोंड घालतं. तू हिला भरवतीस आन् तोंडाकडं बघत बसतीस. तुझा चेहरा बघून तर माझीबी भूक मरंल." मग पाय पसरून म्हणाले, "काय शिजवलंयस?"

"शेपू. मूगडाळ घालून."

आप्पांचा चेहरा बघायला हवा होता. "शेपू," ते म्हणाले. "आरं देवा. बरं. वाढ."

मी एक ताटली त्यांना वाढली, एक पोरीला. इथं थोडं सांगायला हवं. आमचं कुळ काय, जात काय, हे गोठ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. तोंडावर कुणी काही म्हणत नाही. पण वहिनींच्या घरी आमचा चहाचा कप खिडकीत वेगळा असतो. आणि आप्पा माझ्या चुलीवरचं, माझ्या ताटलीत, माझ्या उंबऱ्यावर बसून जेवायला लागले होते.

पहिला घास त्यांनी घेतला आणि डोळे गच्च मिटले. दोन दातांनी करणार काय, नुसताच जिभेवर घोळवत राहिले, म्हणजे चव जास्तच लागली असणार. गिळून झाल्यावर म्हणाले, "आहाहा. लई ग्वाड." इतकं खोटं मी त्यांना आधी कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

पोर त्यांच्याकडं बघत राहिली. स्वतःच्या ताटलीला हात लावला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आप्पा रोज यायचे. तांदुळजा, मेथी, लाल भोपळा, आमच्याकडचा आंबट चुका हरभऱ्याची डाळ घालून. "ह्ये बरं हाय जरा," आंबट चुक्याला म्हणाले, मला तेवढं पुरलं. एक दिवस येताना मेथीची जुडी आणि सुतळी घेऊन आले आणि खोलीच्या खांबाला पोरीच्या तोंडाच्या उंचीवर जुडी बांधून ठेवली. हे हसले, "आप्पा, तिले दावं पण बांधता का?" आप्पा म्हणाले, "तुला बांधीन." पोर येता-जाता जुडी ओढायची, पानं तोडायची, चुरगाळायची, नाकाला लावायची. काही पानं तोंडात जायची. भिंत चाटायला जाणारी जीभ मेथीवर अडकली.

आणि मग एका दुपारी तिनं स्वतःची ताटली सोडली, चालत गेली, आणि आप्पांच्या ताटलीत हात घातला. मूठभर तांदुळजा उचलला. तोंडात कोंबला. वाकडं तोंड केलं. आप्पांनीही तसंच वाकडं तोंड केलं. ती हसली आणि गिळलं.

दारात वहिनी उभ्या होत्या. "आप्पा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ताटात हात घालती ती तुमच्या."

"घालू दे. माझं ताट हाय."

"लोक बघतील."

"बघू दे. त्यांची पोरं बी खातील मंग भाजी."

वहिनी गेल्या. आप्पांच्या धोतरावर हिरवे पाच ठसे उमटले होते. धोतर धुवायला नेताना वहिनींची कुरकुर गोठ्याच्या या टोकापर्यंत ऐकू आली. मला त्या कुरकुरीसारखं गोड दुसरं काही वाटलं नाही.

तेव्हापासून तिचं जेवण आप्पांच्याच ताटात. माझ्या हातचं घ्यायला तिनं अजून वेळ लावला, पण घेतलं.

महिन्यानं दौंडला गेलो. डॉक्टरीणबाईंनी पापणी ओढली. मी तोंड फिरवून भिंतीवरचं पोलिओचं चित्र बघत होते. बाई म्हणाल्या, "इकडं बघा की. तुम्ही बघा." पापणीच्या आत डाळिंबाच्या दाण्याइतकी नाही, पण गुलाबी लाली होती. तपासणीतही रक्त वाढलेलं निघालं. पुण्याला जायची गरज नाही. औषध अजून काही महिने द्यायचं, बंद करायचं नाही. ह्यांनी बाहेर आल्यावर तोंडानं काही कबूल केलं नाही, पण स्टेशनच्या बाजूनं न जाता सरळ एसटी स्टँडवर नेलं. म्हणजे पोर गावाला जाणार नव्हती.

आता तिचा रंग उतरलाय असं लोक म्हणतात. म्हणजे ती सावळी झाली. गालाखाली रक्त आलं तसा तिचा खरा रंग वर आला, तो माझा रंग आहे. फोनवर सासूबाई दचकल्या. "काय वं! पोट्टी काळी पडली!"

"हो," मी म्हटलं. "माझ्यावर गेली."

वहिनींनी डबाभर बेसन आणि हळद दिली, पोरीच्या तोंडाला लावायला. मी बेसन ठेवून घेतलं, त्यात मेथी चिरून घातली आणि धिरडी केली. पोरीनं दोन खाल्ली, वहिनींकडं ताटभर पाठवली. चव चांगली झालीय म्हणाल्या. कप मात्र अजून खिडकीतच वेगळा आहे. तेही लिहून ठेवते.

राहिलं आप्पांचं. परवा कडब्याच्या गंजीमागं गेले तर आप्पा तिथं बसलेले. पुढ्यात काशाची वाटी, दुधात कुस्करलेली भाकरी. मला बघून दचकले, चोरी सापडल्यासारखे.

"पोर हाय का मागं?"

"नाही, झोपलीय."

"मंग बरं. तिनं बघितलं तर म्हणंल, ह्या म्हाताऱ्याला दूध आन् मला भाजी." घाईनं दोन घास घेतले. "जन्मभर उजेडात खाल्ली दूध-भाकर. आता चोरून खातो. तुझ्यापायी."

"माझ्यापायी का? तिच्यापायी म्हणा."

"तेच."

आप्पा, मी पोरीचं सगळं सोसून उभी राहिले, पण तुमची ही वाटी मला सोसत नाही. कधीतरी आमचा स्वतःचा गोठा होईल, एका गायीचा का होईना. त्या गायीच्या दुधाची वाटी, त्यात तुम्हाला लागते तशी मऊ भाकरी, भर दुपारी, अंगणात, सगळ्यांदेखत तुमच्या पुढ्यात ठेवीन. ठेवायला माझी सावळी लेक येईल. तोवर पोर मोठी झालेली असेल, तिच्यापुढं दूध खायला तुम्हाला लपावं लागणार नाही. तेवढं फेडल्याशिवाय मी इथून हलणार नाही. तुम्हीही हलू नका.